वय झालं नाही, वेळ चुकली



गेल्या फाल्गुनातली गोष्ट. सकाळचे सात वाजून गेले होते. हे मंदिरातून आले, पाटावर बसले. नाश्त्याआधी ह्यांना शुगरची गोळी असते. मी ती पाकिटातून काढली, पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली आणि फोन वाजला. आमच्या मंडळाची कुंभोज-बाहुबलीची सहल ठरत होती. गाडी सतरा सीटची घ्यायची की सव्वीस, पुढे कोण बसणार, कुणाला गाडी लागते, असं सगळं त्या फोनवर चाललं होतं. खांद्यात फोन धरून मी दुधीचं थालीपीठ उलटलं, दूधवाल्याला पैसे दिले, नातवाचा हरवलेला मोजा शोधला. परत येऊन बघते तर पेल्याशेजारी गोळी नाही. म्हटलं, द्यायची राहिलीच. पाकिटातून काढून दिली. ह्यांनी निमूटपणे घेतली. आमच्या ह्यांची सवयच तशी, समोर ठेवलं ते तोंडात टाकायचं. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, घरी काही तपासत नाहीत.

अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. मशीनवर आकडा आला ५४. साखरपाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला, दर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं. दुपारपर्यंत निभावलं. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या तेव्हा कळलं, त्या दिवशीच्या दोन गेल्या होत्या.

संध्याकाळी मुलगा घरी आला, सगळं ऐकलं आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "आई, तुझं वय झालं आता. विसरायला लागलीस."

मला त्या गोळीचं जेवढं वाईट वाटलं, त्याच्या खालोखाल या वाक्याचं वाटलं. कारण त्याच दिवशी संध्याकाळी, पाच वाजता, मी सहलीच्या एकतीस बायकांच्या वर्गणीचा हिशेब लावला होता. कुणी निम्मे दिले, कुणी जावेचे धरून दिले, कुणी मागच्या वेळचे वळते करून घे म्हणाल्या. रुपयाची चूक नव्हती. डोकं तेच, वयही तेच. सकाळी सव्वासातला ज्या बाईचं वय झालं होतं, तिचं संध्याकाळी पाचला उतरलं होतं की काय?

आज मला भांडायचं आहे, आणि ते या "वय झालं"शी.

माझे वडील सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडत दुकानात बसायचे. दुकानाचा रोजमेळ संध्याकाळी लागायचा. दिवाणजी शिल्लक काढायला बसले की दुकानात कुणी तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक आलं तर हमाल ओठांवर बोट ठेवून त्याला बाकावर बसवायचा. मला दहा-अकरा वर्षांची असताना अण्णांनी एकदा चापट मारली आहे ती याच कारणानं. दिवाणजींची बेरीज चालू असताना मी पेरू मागितला होता. बेरीज मध्येच तुटली की रकाना पुन्हा वरून मोजावा लागतो, हे मला त्या दिवशी समजलं. पुढे बी.कॉम.ला अकाउंट्स शिकले तेव्हा त्यात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यात खरी गोष्ट तीच होती.

आणि त्याच वेळी घरी आई? आईही रोज शिल्लक काढतच होती. पीठ किती उरलंय, कुणाला काय पथ्य, अष्टमी कधी, कुणाच्या डोहाळजेवणाला काय न्यायचं. तिच्या रकान्यात दर दोन मिनिटांनी कुणीतरी पेरू मागत होतं. तिनं कुणाला चापट मारली नाही. शेवटी एखाद्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडायचं आणि सगळे हसायचे, "आई विसरभोळीच आहे." दिवाणजींना कधी कुणी विसरभोळे म्हटलं नाही.

गोळीच्या प्रकारानंतर मी एक जुनी हिशेबाची वही काढली आणि पंधरा दिवस माझ्या दिवसाचा रोजमेळ लिहिला. डाव्या बाजूला वेळ आणि काम. उजव्या बाजूला दोन रकाने. पहिल्यात त्या वेळी अंगात आणि डोक्यात किती हुशारी होती ते, माझ्या मापानं: भरलेली, अर्धी, रिकामी. दुसऱ्यात, मध्ये कितीदा हाक आली. हाक म्हणजे फोन, बेल, "आई", "अगं", "आजी" सगळं धरून.

पंधरा दिवसांनी वही उघडली आणि मला घाम फुटला. भरलेली हुशारी दिवसात दोनदाच होती. पहाटे सव्वापाच ते आठ, आणि नंतर दुपारी चार ते साधारण सहा. दीड ते साडेतीन सगळं रिकामं. रात्री आठनंतर अर्धी आणि उतरती. हे रोज, जवळजवळ न चुकता. आता दुसरा रकाना बघा. माझ्या सगळ्यात चांगल्या वेळात, म्हणजे सकाळी सहा ते आठ, एका दिवशी मला सतरा वेळा हाक आली होती. आणि दुपारी दोन ते तीन, जेव्हा मी डुलक्या घेत असते, तेव्हा घर चिडीचूप. कुणाला माझी आठवणसुद्धा नाही.

म्हणजे घराचा व्यवहार असा चालला होता: माझी पहिल्या धारेची हुशारी बूट-मोजे, चहा-साखर, "माझा चष्मा बघितलास का" यावर खर्च, आणि मी माझं म्हणून जे काही करायचं ते दुपारी दोन वाजता, उरलेल्या गाळावर. रत्नकरंडक श्रावकाचार, एकूण दीडशे श्लोकांचा ग्रंथ. तीन वर्षांपूर्वीच्या दशलक्षणात मी वाचायला घेतला. खूण एक्केचाळीसाव्या श्लोकावर. दुपारी आडवं होऊन वाचायला घ्यायचं, दोन ओळींत पुस्तक छातीवर. मी समजत होते की माझी श्रद्धा कमी पडते. वही सांगत होती की श्रद्धेला मी दोन वाजताचं डोकं देत होते.

दुपारची ही गुंगी केवळ पोटभर जेवल्यानं येते असंही नाही. शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं आणि दुपारी ते आपसूक थोडं मंदावतं. जेवण त्यात भर घालतं एवढंच. या आतल्या घड्याळाचं काम कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. वय वाढतं तसं हे घड्याळ बहुतेकांचं पुढे सरकतं, लवकर जाग येते आणि लवकर झोप येते. तरुणपणी उलट. आता कुणी लगेच "बघा, आपल्या धर्मात हे आधीच सांगितलं होतं" असा मेसेज करू नका. आपल्या आचार्यांना नोबेलची गरज नाही, आणि शास्त्रज्ञांनी प्रयोग माशांवर केले होते, त्यामुळे आपण फार अभिमान न धरलेला बरा.

आता दुसरं भांडण. मागच्या महिन्यात आमच्या मंडळात वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झालं. व्याख्याती चुणचुणीत होती, तिचं नाव सांगत नाही. तिनं प्रत्येकीला छापील तक्ता दिला. पहाटे चार ते रात्री दहा, तासाचा एकेक चौकोन. प्रत्येक चौकोनात काम भरायचं. "वेळ सगळ्यांना चोवीस तासच मिळतो," असं तिनं तीनदा सांगितलं.

मिळतो ना. पण चौकोन सारखे असले म्हणून तास सारखे नसतात. पाचशेच्या नोटा आणि दहाच्या नोटा एकाच आकाराच्या कागदावर छापल्या तर बाजार चालेल का? माझा सकाळी सहाचा तास आणि दुपारी अडीचचा तास यांची किंमत एक नाही. आणि हा माल टिकाऊही नाही. मेथीच्या जुडीसारखा आहे, आज वापरला नाही तर उद्या उपयोगाचा नाही. सकाळची हुशारी पुढच्या पानावर ओढता येत नाही. थकवा मात्र मागील बाकी म्हणून बरोबर पुढे येतो.

त्याच व्याख्यानात पहाटे चारला उठण्याचा आग्रह होता. समोर बसलेल्या एका मुलीच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं. रात्री तीनदा उठणारी ती पोर खाली मान घालून लिहून घेत होती: ४ वा. उठणे. मला तिच्या हातातला पेन काढून घ्यावासा वाटला. ज्या काळात झोप हेच तिचं औषध आहे, त्या काळात तिला आम्ही आणखी एक अपराध देऊन पाठवलं. पहाटे उठणं चांगलंच आहे. मी उठते, मला जमतं, या वयात झोपच तेवढी येते. त्यात माझं पुण्य काही नाही!

तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आपण दरवर्षी दशलक्षणात ऐकतो. सोळा कारण भावना आपल्याला पाठ असतात. त्यात त्याग आणि तप यांच्याआधी एक शब्द लावलेला आहे, तो आपण घाईत म्हणून टाकतो. शक्तितः. शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही आणि शक्तीबाहेर उडी मारायची नाही. म्हणजे आधी शक्ती किती आहे ते मोजायला हवं. आम्ही बायका उपवास किती झाले ते मोजतो, माळा किती झाल्या ते मोजतो, शक्ती मोजत नाही. मोजायला गेलं तर "फार स्वतःचा विचार करते" असं ऐकावं लागतं.

हा आक्षेप मला मंडळातल्याच एका मोठ्या वहिनींनी घेतला. "अगं, घरच्यांची सेवा हाच आपला धर्म. वैयावृत्त्य म्हणजे तप. त्यात कसली वेळ आणि कसली हुशारी बघतेस?" वहिनींचा मान मला आहे; त्यांनी सासऱ्यांचं अंथरुणातलं आजारपण नऊ वर्षं काढलंय. पण त्यांना मी जे म्हटलं तेच इथे लिहिते. अंतरंग तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्य आहे आणि त्याच यादीत, त्याच्या पुढेच, स्वाध्याय आहे. कुणी कुणाच्या हाताखाली नाही. आणि सतरा हाकांनी डोकं तापलेलं असताना, कपबशी आपटत दिलेला चहा ही सेवा झाली का? आतून तर आर्तध्यान चाललेलं असतं. शिवाय माझ्या ह्या सेवेतच ह्यांना दोन गोळ्या गेल्या. रुग्णाची सेवा करायची तर निदान ज्या पाच मिनिटांत औषध द्यायचं, ती पाच मिनिटं मला माझी मिळायला नकोत? वहिनी गप्प बसल्या. पटलं असं मी म्हणत नाही.

आता व्यत्ययाकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे.

बायकांना एका वेळी दहा कामं जमतात, असं कौतुक आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं आहे. हे कौतुक फार महाग पडतं. दहा कामं एकत्र होत नसतात. मन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत असतं, आणि प्रत्येक उडीत हातातलं काहीतरी सांडतं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना गप्पा मारून बघा. आपल्याकडे तर हे स्पष्टच सांगितलंय की छद्मस्थाला एका वेळी एकच उपयोग. सगळं एकदम जाणणं हे केवलींचं. आणि घरोघरी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईकडून मात्र सकाळी सातला केवलज्ञानाची अपेक्षा!

एक गोष्ट तुमच्याही घरी घडत असेल. मी सामायिकाला बसले की कुणी हाक मारत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं. नातू नऊ वर्षांचा आहे, तोसुद्धा चवड्यावर चालत जातो. फोन आला तर हे सांगतात, "सामायिकाला बसली आहे, नंतर करा." म्हणजे घराला जमतं. न हाक मारता घर अठ्ठेचाळीस मिनिटं चालू शकतं, छप्पर कोसळत नाही, मोजा ज्याचा त्याला सापडतो. दशलक्षणात तर दहा दिवस घर एका दिवसात बदलतं. एकाशन आहे म्हटलं की सगळे आपापलं पाणी घेऊन पितात. मग उरलेल्या दिवसांत हे का जमत नाही? मला वाटतं, कारण एकच. देवाच्या कामात बाईच्या एकाग्रतेला मान आहे, बाईच्या कामात नाही. गोळ्यांचा डबा भरणं, आयकराची कागदपत्रं लावणं, महिन्याचा हिशेब, मुलाला पत्र लिहिणं, या कामांना आसन नाही, म्हणून दारही नाही.

पण दुसऱ्यांना बोलून झालं, आता आपल्याकडे बघते. पंधरा दिवसांच्या वहीत एक हाक अशी होती की ती कुणी मारली नव्हती. मीच मारत होते. फोन वाजला नसतानाही मी उचलत होते. आमच्या मंडळाचा ग्रुप, मंदिराचा ग्रुप, माहेरच्यांचा, सोसायटीचा, सहलीचा वेगळा. सकाळी सहा ते सात त्यावर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस. जय जिनेंद्रला जय जिनेंद्र. आज अमुक भगवंतांचं कल्याणक, त्यावर चाळीस जणींचे नमस्कार. वाईट काहीच नाही, आणि म्हणूनच तो व्यत्यय वाटत नाही. मालिका बघताना निदान मनाला टोचतं तरी. पण खरं सांगा, त्या चाळीस नमस्कारांत कल्याणकाचं स्मरण कुणाला किती झालं? प्रमादाचे पंधरा प्रकार आपण शिकतो, त्यात चार विकथा आहेत. स्त्रीकथा, राजकथा, चोरकथा, भोजनकथा. सकाळच्या त्या एका तासात ग्रुपवर चारही होतात, वर हात जोडलेलं चित्र लावून.

सामायिकाचे पाच अतिचार आहेत ना, त्यातला शेवटचा मला नेहमी वाटायचं की म्हाताऱ्यांसाठी असेल. स्मृत्यनुपस्थान. विसरणं, स्मरण जागेवर नसणं. आता वाटतं की यात वयाचा संबंध नाही. जिथे चित्त नाही तिथे स्मृती कशी राहील? मी पहिली गोळी दिली तेव्हा माझं चित्त सव्वीस सीटच्या गाडीत होतं. जे मनात शिरलंच नाही ते मी विसरले असं म्हणता तरी येईल का?

आपल्याकडे दिवसाची मापं किती चांगली आहेत, हे मला नातवाच्या शिकवणीच्या बाईंमुळे लक्षात आलं. त्यांनी त्याला शिकवलंय, पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावायचं, तेवढ्यात एकच काम, मग पाच मिनिटं सुट्टी. परदेशातल्या कुणा विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरून ही पद्धत काढली. छान आहे. पण आपली घटिका चोवीस मिनिटांची आणि दोन घटिकांचा मुहूर्त अठ्ठेचाळीसचा. गाळलेलं पाणी आपण मुहूर्तानं मोजतो, सामायिक मुहूर्तानं मोजतो. मी आता माझी डोक्याची कामंही घटिकेनं मोजते. एक घटिका गोळ्या आणि औषधांची यादी. एक घटिका हिशेब. त्याहून जास्त माझं डोकं एका जागी बसतही नाही, कशाला खोटं सांगू.

आणि सूर्यास्त. या एका नियमानं जैन बाईला जे दिलंय ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. सांगलीत मार्गशीर्षात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, ज्येष्ठात सात वाजून गेल्यावर. त्याच्या आत जेवणं. म्हणजे संध्याकाळचा स्वयंपाक बरोबर चार-साडेचारला सुरू होतो, माझ्या वहीतल्या दुसऱ्या भरलेल्या वेळात. आणि सूर्य मावळला की चूल बंद. शेजारच्या काकू साडेसातला कणीक भिजवायला घेतात तेव्हा आपली भांडी पालथी पडलेली असतात. रोजचे दोन-अडीच तास मोकळे! हिशेब केला तर वर्षाचे आठशेच्या आसपास तास होतात. ते आपण कुठे घातले? मालिकांत. ज्यांच्या घरी रात्रीभोजनत्याग आहे त्यांच्या घरी मालिका जास्त बघितल्या जातात असा माझा संशय आहे, रागावू नका.

आणि जिथे मालिका नाहीत तिथे दुसरंच. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, पण मुलगा साडेआठला येतो म्हणून पुन्हा कणीक, पुन्हा तवा. म्हणजे नियम आपला आणि दोन पाळ्यांचा स्वयंपाकही आपलाच. मी ही गोष्ट सहा वर्षं केली. मुलगा नियम पाळत नाही, त्याची मर्जी, बळजबरीचा त्याग काही कामाचा नाही. पण त्याच्या साडेआठच्या गरम भाकरीसाठी माझ्या उतरत्या तासावर दरोडा का? आता पाचलाच त्याची भाकरी, भाजी, आमटी झाकून ठेवते. तो येतो आणि गरम करून घेतो. पहिले आठ दिवस तोंड वाकडं होतं. नवव्या दिवशी त्यानं स्वतः तव्यावर भाकरी शेकली आणि वर मलाच सांगितलं की शिळी भाकरी अशी जास्त छान लागते.

सुनेचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर ती म्हणेल आई स्वतःचंच लिहितात. ती बँकेत आहे, साडेपाचला तिथेच डबा खाऊन घेते. तिची हुशारी रात्री नऊला फुलते. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास ती अकरापर्यंत करते आणि सकाळी सातच्या आत तिला काही विचारलं तर उत्तर चुकीचं येतं. मी चार वर्षं तिला उशिरा उठणारी म्हणून मनात नावं ठेवली. एकदा तर आत्तींच्या श्राद्धाची नव्हे, पुण्यतिथीची तयारी तिच्यावर सकाळी सहाला टाकली आणि तिनं दानाच्या पावत्यांवर तारीख चुकीची घातली, त्यावरून बोललेही. वही लिहिल्यावर कळलं की मी तिच्याशी तेच करत होते जे माझ्याशी झालं. आता पावत्या, बिलं, ऑनलाइनचं जे काही ते रात्री तिच्याकडे. सकाळ माझी. नातवाचे बूट-मोजे आदल्या रात्री त्यानंच दाराशी ठेवायचे, हेही त्या रात्रीच्या खात्यात गेलं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. बेल वाजते, नळाला पाणी यायची वेळ नेमकी माझ्या स्वाध्यायाची निघते, पाहुणे कळवून येत नाहीत. लग्नसराईत वहीचा चुरा होतो. चौदा दिवस नीट जातं आणि पंधराव्या दिवशी मीच सहाला फोन उचलून चाळीस नमस्कारांत एकेचाळिसावा घालते. पण गोळ्यांचं ठरलं ते ठरलं. सात खणांचा डबा रविवारी संध्याकाळी साडेचारला भरायचा, दार लावून, फोन बाहेरच्या खोलीत. एक घटिका. सकाळी त्या दिवसाचा खण रिकामा दिसला की दिली, भरलेला दिसला की द्यायची. डोक्यावर भार नाही. त्या वेळात नातू दाराबाहेर पहारा देतो आणि आजोबांना सांगतो, "आजी गोळ्यांच्या सामायिकाला बसली आहे." मी त्याला रागावले नाही.

मंडळालाही मी एक अर्ज दिलाय, तोंडी. सकाळी आठच्या आत फोन नाहीत; निधनाची बातमी सोडून. दोघी-तिघींना राग आला आहे. सहलीच्या त्या फोनवाल्या वहिनींना सगळ्यात जास्त, कारण त्यांना वाटतं मी गोळीचा दोष त्यांच्यावर टाकला. वहिनी, तुमचा दोष नाही. फोन तुम्ही केला, उचलला मी. पण बाराला केलात तर दोघींनाही गाडीच्या सीट नीट मोजता येतील.

सकाळचा पहिला चहा सध्या हे करतात. मी तेव्हा आतल्या खोलीत रत्नकरंडक घेऊन बसते. खूण एकशे बारावर आली आहे. चहात सुंठ घालायला ते रोज विसरतात. मी अजून तरी "वय झालं" म्हटलेलं नाही.